क्षयाची गोळी आणि पेटंटचे भांडण

मिरजेजवळ वानलेसवाडीला शंभर वर्षांपूर्वी क्षयरोगाचे आरोग्यधाम उभे राहिले, तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि चांगला आहार एवढाच उपचार होता. आज कवठे महांकाळच्या रुग्णाला क्षयाची औषधे सरकारतर्फे मोफत मिळतात. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी त्यांत बेडाक्विलीनही आहे. रुग्णाला मोफत असले तरी त्याचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात. म्हणून त्याच्या पेटंटचे काय झाले, याच्याशी आपलाही संबंध आहे.

क्षयजंतूची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच हे औषध बंद पाडते. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. क्षयावर अशा नव्या प्रकारचे औषध तब्बल चाळीस वर्षांनी आले होते. मूळ रेणूचे पेटंट जॉन्सन अँड जॉन्सनकडे, वीस वर्षांचे, म्हणजे जुलै २०२३ पर्यंत. तिथवर ठीक. (संशोधनात सार्वजनिक पैसाही होता, ते सोडून देऊ.) पण कंपनीने त्याच रेणूच्या क्षारावर दुसरे पेटंट मागितले. ते मिळते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

२०१९ मध्ये मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला हरकत घेतली. दोघी क्षयातून बऱ्या झालेल्या, पण उपचारातल्या जुन्या इंजेक्शनांनी दोघींची श्रवणशक्ती गेली होती. बेडाक्विलीन आल्यामुळे नेमकी हीच इंजेक्शने टाळता येतात. माहीत असलेल्या औषधाचे नवे रूप अधिक गुणकारी नसेल, तर आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(डी) त्याला नवा शोध मानत नाही. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. निकालाला चार वर्षे लागली, हे मात्र फारच झाले.

अशा भांडणांनी संशोधन खुंटते, असे कंपन्या म्हणतात. इथे तसे दिसत नाही. मूळ शोधाला त्याची वीस वर्षे पुरती मिळाली. अडला तो फक्त मुदतवाढीचा डाव. त्याच ऑगस्टमध्ये जागतिक खरेदी यंत्रणेसाठी कंपनीने किंमत निम्म्याहून खाली आणली, आणि भारतातल्या ल्युपिनचे औषधही त्या यादीत आले.

पेटंटच नको, असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्याच दिवसापासून कोणालाही नक्कल करता आली, तर चाचण्यांवर एवढा खर्च कोण करील? पण क्षय हा बहुतांशी गरिबांचा आजार, त्यात नफा थोडा. तिथे पेटंटचे आमिषही पुरत नाही. प्रीटोमॅनिड हे त्यानंतरचे औषध टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने आणले. ते आणि बेडाक्विलीन यांच्यासह चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला भारताने २०२४ मध्ये मंजुरी दिली. पूर्वी हाच उपचार वीस महिन्यांपर्यंत चाले.