टेन्शन कुणाला जास्त, साहेबाला की ऑपरेटरला?
कामाचा ताण : लेखांक 4

ताण आला की शरीरात काय घडतं, ते मागच्या लेखांकात पाहिलं. तो ताण कामाच्या ठिकाणी तयार कसा होतो, ते आज पाहू. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जाऊ.

जालना रोडवर चिकलठाण्याचं विमानतळ मागे पडलं की थोड्याच अंतरावर शेंद्रा पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. 2001 साली इथे स्कोडाचा मोटार कारखाना सुरू झाला. पुढे इंजिनं, रेल्वेचे भाग, मद्य, पोलाद असे उद्योग आले आणि शेजारी ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी उभी राहिली. कंपनीच्या बसेस शहरातून, करमाडकडून आणि आसपासच्या खेड्यांतून तिन्ही शिफ्टची माणसं आणतात आणि नेतात.

‘साहेबाला जास्त टेन्शन, कामगाराचं काय, आठ तास भरले की सुटला,’ हे वाक्य कोणत्याही वसाहतीत ऐकू येतं. अभ्यास मात्र उलट सांगतात. लंडनमधल्या सरकारी नोकरांची ‘व्हाइटहॉल’ पाहणी 1967 साली सुरू झाली. हुद्दा जितका खालचा, तितकं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त, असं तीत आढळलं. 1985 पासूनच्या दुसऱ्या पाहणीत मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना त्यामागचं एक महत्त्वाचं कारण सापडलं : आपल्या कामावर आपला ताबा नसणं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 सालीच हे सूत्र मांडलं होतं. काम किती आहे एवढ्यावर ताण ठरत नाही. काम भरपूर आणि ते कसं, कधी, कोणत्या वेगाने करायचं हे ठरवण्याची मुभा नाही, तिथे तो सर्वाधिक असतो. मॅनेजरला काम जास्त असेल, पण मीटिंग पुढे ढकलता येते. लाइनवरच्या ऑपरेटरला रिलिव्हर आल्याशिवाय लघवीलाही जाता येत नाही. जर्मन संशोधक योहान्स सिग्रिस्ट यांनी 1996 मध्ये यात कष्ट आणि मोबदल्याच्या तफावतीची भर घातली. एकाच लाइनवर कायम आणि ठेकेदाराचा कामगार शेजारी उभे असतात, काम तेच आणि पगार वेगळा, तेव्हा ती तफावत रोज डोळ्यांसमोर असते.

त्यात शिफ्टची भर. नाइट करून आलेल्या माणसाला मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपायचं असतं. शहरातल्या कित्येक वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस आणि सुट्टी जुळली नाही, तर झोप मोडून मोटर लावावी लागते. फर्स्टनंतर सेकंड आणि मग नाइट, हा क्रम उलट्या क्रमापेक्षा शरीराला जास्त सोसतो. कारण झोप पुढे ढकलणं अलीकडे ओढण्यापेक्षा सोपं जातं.

तासांचाही हिशेब आहे. आठवड्याला 48 तास आणि ओव्हरटाइमला, म्हणजे ओटीला, दुप्पट दर ही चौकट 1948 च्या कारखाने कायद्याने घातली. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्यास मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2021 च्या अभ्यासानुसार, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा आठवड्याला 55 किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो. म्हणून ओटी करायला सांगितली, तर कामगाराला ‘नाही’ म्हणायची सोय हवी, आणि तसं म्हटल्याचा राग पुढच्या महिन्याच्या शिफ्टवर निघता कामा नये.

योगदिनाच्या सतरंज्या वाईट नाहीत, पण दुखणं वेळापत्रकात असेल तर औषधही तिथेच द्यावं लागतं. शिफ्टचा तक्ता महिनाभर आधी लावा. आपसात शिफ्ट बदलायची परवानगी द्या. प्रत्येक लाइनला पुरेसे रिलिव्हर ठेवा. टार्गेट ठरवताना ते काम रोज करणाऱ्याला विचारा. यांतल्या बहुतेक गोष्टींना नवं यंत्र लागत नाही, अधिकार थोडा खाली सोडावा लागतो.

झोप उडाली असेल, मन कशातच लागत नसेल, तर थांबू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

(पुढील आठवड्यात : वरून टार्गेट, खालून तक्रारी – मधला सुपरवायझर)