शी-शूला कोण नेतं?

बालवाडीच्या प्रवेशाच्या वेळी पालक शाळेला बरंच काही विचारतात. माध्यम कोणतं, फी किती, व्हॅन गल्लीच्या तोंडाशी येईल का, डब्यात पोळी-भाजीच द्यायची का. वर्गातून शी-शूला मुलाला कोण नेतं, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरने हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रासमोर आणून ठेवला.

तिथल्या एका शाळेत बालवाडीच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. संशयित होता सफाई कर्मचारी. बाहेरच्या एजन्सीमार्फत तो त्याच महिन्यात कंत्राटावर कामाला लागला होता. मुलींना स्वच्छतागृहात नेण्याचं काम मावशींचं, पण नेमक्या वेळी त्या जागेवर नव्हत्या. पालक पोलीस ठाण्यात गेले, तर गुन्हा नोंदवून घ्यायलाच बारा तासांच्या आसपास लागले. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि सुमारे दहा तास रेल्वे ठप्प राहिली. शाळेतल्या कॅमेऱ्यांचं पंधरा दिवसांचं चित्रण मिळत नसल्याचं तत्कालीन शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे सप्टेंबरमध्ये पोलीस कोठडीत असलेला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गोळीने ठार झाला आणि सगळी चर्चा चकमकीकडे वळली. शाळेत नेमकं काय चुकलं, हा प्रश्न मागे पडला.

चार कड्या

जे चुकलं, ते रोजच्या व्यवहारातलं होतं. नव्या माणसाची पडताळणी न करता त्याला लहान मुलांच्या आवारात मोकळं फिरू देणं ही पहिली कडी. मावशींची जागा रिकामी राहणं ही दुसरी. कॅमेरे आहेत, पण चित्रण कोण पाहतं आणि किती दिवस ठेवतं याचा पत्ता नाही, ही तिसरी. तक्रार आल्यावर मोठ्या माणसांनी वेळ घालवणं ही चौथी, आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत गंभीर.

या घटनेनंतर शासनाने २१ ऑगस्टलाच आदेश काढला: महिन्याभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, लहान मुलांसाठी शक्यतो महिला कर्मचारी आणि शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती. यातली सखी सावित्री समिती नवी नव्हती. तिचा शासन निर्णय मार्च २०२२ मध्येच निघाला होता. अडीच वर्षांनी तेच पुन्हा सांगावं लागलं, यावरून कागद आणि वर्ग यांच्यातलं अंतर कळतं. निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या समितीने उच्च न्यायालयाला शिफारशी दिल्या. त्यानंतर मे २०२५ मध्ये आणखी सविस्तर निर्णय निघाला. चित्रण किमान महिनाभर जपून ठेवण्याची सूचना त्यात आहे.

कॅमेरा हवाच. पण तो झालेलं दाखवतो. होणारं थांबवायला माणूसच लागतो. स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा बसवता येत नाही, बसवूही नये. म्हणून त्या वाटेवर कोण उभं असतं, हा सुरक्षेचा खरा प्रश्न आहे. मावशी रजेवर गेल्या तर बदली कोण? वर्ग भरलेले असताना सफाई चालते का? बाथरूमच्या बाहेरच्या बोळावर कोणाची नजर असते?

‘आधी आपल्या पातळीवर बघू’

असं काही कानावर आलं की शाळेत ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘लहान मुलं काहीही बोलतात’, ‘आधी आपल्या पातळीवर चौकशी करू’, ‘शाळेचं नाव खराब होईल’. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने या तिन्ही वाक्यांना जागाच ठेवलेली नाही. कलम १९ सांगतं की गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळवायलाच हवं. पुरावा गोळा करणं हे बाईंचं किंवा मुख्याध्यापकांचं काम नाही. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाबद्दल संस्थेच्या प्रमुखाने मौन पाळलं, तर एक वर्षापर्यंत. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे.

पालकांनाही कायद्याने बरंच दिलं आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेता येतो. तो शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, आणि तिच्या अंगावर पोलिसी गणवेश नसावा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. उपचारासाठी रुग्णालय आधी कागदपत्रं मागू शकत नाही. मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळा, इयत्ता आणि इमारत मिळून तीच ओळख उघड होते, हेही लक्षात असू द्यावं.

मुलं कसं सांगतात

चार वर्षांच्या मुलाकडे अत्याचार हा शब्द नसतो. ते म्हणतं, ‘शू करताना दुखतं’, ‘शाळेत नाही जायचं’, ‘ते दादा घाण आहेत’. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, एखादं नाव निघालं की मूल गप्प होतं. अशा वेळी ‘तू ओरडली का नाहीस?’ असं विचारू नये. जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावं, खोदून खोदून विचारू नये, कपडे धुऊ नयेत आणि सरळ डॉक्टर व पोलीस गाठावेत.

अनोळखी माणसापासून सावध राहा, एवढीच शिकवण पुरत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत निम्म्या घटनांमधला माणूस मुलाच्या ओळखीचा निघाला, आणि पीडितांमध्ये मुलग्यांचं प्रमाण निम्म्याहून किंचित जास्त होतं. सारी बंधनं मुलींवरच का, मुलग्यांना का शिकवत नाही, असं उच्च न्यायालयानेही बदलापूर प्रकरणात विचारलं होतं.

डोंबिवली-कल्याणकडचे आईबाप सकाळची लोकल पकडतात आणि संध्याकाळी उशिरा परततात. त्यांच्या मुलाचा दिवस रिक्षावाले काका, व्हॅनवाले काका, शाळा, शिकवणी आणि पाळणाघर अशा ओळखीच्याच पाच हातांमधून जातो. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. तीत पालकही असतात. पण तिची बैठक शेवटची कधी झाली, हे किती पालकांना ठाऊक असेल?

तेव्हा पुढच्या पालक सभेत गॅदरिंगच्या आधी एवढं विचाराच. लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर कोण? कंत्राटी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? सखी सावित्री समितीत कोण आहे? चित्रण किती दिवस राहतं आणि ते कोण पाहतं? तक्रार आली तर पोलिसांना फोन कोण करणार? लेखी उत्तर मागा. आणि मुलांच्या मदतीचा १०९८ आणि पोलिसांचा ११२ हे दोन क्रमांक मुलाच्या डायरीच्या पहिल्या पानावर आजच लिहा.