जाळीपल्याडचा वाघ

यवतमाळच्या नवख्या छायाचित्रकाराला वाघ म्हटलं की पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य आठवतं. तिथं वाघ दिसेलच याची खात्री नाही. हात बसवायला नागपूर बरं: कृषी विद्यापीठाची महाराजबाग, नाहीतर २६ जानेवारी २०२१ रोजी उद्घाटन झालेलं गोरेवाड्याचं प्राणी उद्यान.

पहिली अडचण जाळीची. कठडा न ओलांडता शक्य तितकं जवळ जावं, झूम पूर्ण लांबवावी, अ‍ॅपर्चर मोठ्यात मोठं ठेवावं आणि प्राणी जाळीपासून मागे सरकेपर्यंत थांबावं. तारा धूसर होत जवळजवळ नाहीशा होतात. उन्हात चमकणारी जाळी मात्र सगळं चित्र पांढुरकं करते, म्हणून सावलीतली बाजू शोधावी. ऑटोफोकस हमखास तारांवर अडकतो. एकच फोकस बिंदू निवडून तो प्राण्याच्या डोळ्यावर धरावा. डोळा स्पष्ट नसेल तर बाकी सारं सुंदर असूनही फोटो फसतो.

फ्लॅश नकोच. प्राणी बिचकतो, शिवाय उजेड तारांवरूनच परततो.

गोरेवाड्याची सफारी बसमधून होते. खिडकीच्या चौकटीवर लेन्स टेकवली तर इंजिनाची थरथर फोटोत उतरते. कॅमेरा हातात तोलून शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावं. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी वाघ सावलीत पसरलेला असतो, तेव्हा सकाळची पहिलीच फेरी गाठावी.