विश्लेषण : ब्रिटिशांची ‘आठवी सेना’ नेमकी कोणाची होती?

इटलीतील मोन्तोने या छोट्या गावात जुलै २०२३ मध्ये एका सूर्यघड्याळाचे अनावरण झाले. हे स्मारक आहे नाईक यशवंत घाडगे यांचे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे घाडगे ज्या सैन्यात लढले, त्याची इतिहासातील ओळख ‘ब्रिटिश आठवी सेना’ अशी आहे. प्रत्यक्षात या सैन्यात अनेक देशांचे सैनिक होते. त्यांना एकत्र कसे बांधले गेले आणि त्या सर्वांना समान वागणूक मिळाली का, याविषयी...

आठवी सेना कधी आणि का उभी राहिली?

इजिप्त आणि सुएझ कालवा हातचा जाऊ नये, म्हणून सप्टेंबर १९४१ मध्ये वाळवंटातील तुकड्या एकत्र करून ही सेना तयार झाली. पहिले प्रमुख होते लेफ्टनंट जनरल अॅलन कनिंगहॅम. समोर जर्मन सेनानी रोमेल आणि त्यांच्या जोडीला इटालियन फौजा होत्या. नोव्हेंबरात ‘ऑपरेशन क्रुसेडर’ सुरू झाले आणि टोब्रुक बंदराचा वेढा उठला. मात्र २१ जून १९४२ रोजी तेच टोब्रुक पडले. सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. त्यात दक्षिण आफ्रिकेची एक डिव्हिजन होती आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियनही होती.

एल अलामेनला कोण कोण लढले?

ऑगस्ट १९४२ मध्ये मॉन्टगोमेरी यांनी सूत्रे घेतली. २३ ऑक्टोबरच्या रात्री हल्ला झाला, तेव्हा मुख्य आघाडीवरच्या कोअरमध्ये पाच पायदळ डिव्हिजन होत्या. समुद्राकडून दक्षिणेकडे त्यांचा क्रम असा : ऑस्ट्रेलियन, स्कॉटिश हायलँडर, न्यूझीलंडची, दक्षिण आफ्रिकन आणि चौथी भारतीय. म्हणजे पाचपैकी चार ब्रिटनबाहेरच्या! त्याशिवाय ग्रीक आणि ‘स्वतंत्र फ्रेंच’ ब्रिगेड होत्या. भारतीय डिव्हिजनमध्येही साधारणपणे प्रत्येक ब्रिगेडला एक ब्रिटिश बटालियन जोडलेली असे. या सेनेचे चिन्ह होते पांढऱ्या ढालीवर सोनेरी क्रूस. ते लावून हिंदू, मुस्लीम, शीख आणि ज्यू सैनिकही लढले.

या सैन्यावर अंतिम हुकूम कोणाचा?

खरी गुंतागुंत इथे होती. न्यूझीलंडचे जनरल फ्रेबर्ग यांना त्यांच्या सरकारने विशेष अधिकारपत्र दिले होते. एखादी मोहीम पटली नाही, तर ते थेट आपल्या सरकारकडे दाद मागू शकत. ऑस्ट्रेलियानेही हा हक्क बजावला. टोब्रुकच्या वेढ्यात थकलेले आपले सैनिक बाहेर काढा, असा आग्रह त्या सरकारने १९४१ मध्ये धरला आणि ब्रिटिश सेनानींची नाराजी पत्करून तो पूर्ण करून घेतला. पुढे जपानचा धोका असल्याने १९४३ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियन डिव्हिजन मायदेशी गेली. म्हणजे सेनापतीला डावपेच आखताना दूरच्या राजधान्यांचाही विचार करावा लागत असे.

भारताला असा अधिकार होता का?

नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक देणारे नेते तुरुंगात गेले आणि त्यानंतर अडीच महिन्यांतच भारतीय जवान एल अलामेनला खंदकात होते. आपल्या सैनिकांसाठी ‘आता पुरे’ म्हणणारे निवडून आलेले सरकार दिल्लीत नव्हते.

इटलीत मराठा जवानांनी काय केले?

सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी सेना इटलीत उतरली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. तुकडीतील बाकी सर्व ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले, हातबाँबने गन बंद पाडली आणि ठाणे मोकळे केले. मग दडून बसलेल्या नेमबाजाच्या गोळीने ते कोसळले. तेव्हा ते अवघ्या २२ वर्षांचे होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना भर गोळीबारात पाण्यातून पलीकडे नेले आणि परत येऊन शत्रूच्या मशिनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे यांना मरणोत्तर.

पोलिश सैनिकांची शोकांतिका काय?

जनरल अँडर्स यांच्या पोलिश कोअरने १८ मे १९४४ रोजी माँटे कॅसिनोचा मठ घेतला. यातील अनेक सैनिक पूर्व पोलंडचे होते आणि सोव्हिएत छावण्यांतून सुटून आले होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेत त्यांचा तोच मुलूख सोव्हिएत संघाकडे राहील, असे ठरले. ज्या घरासाठी लढायचे तेच गेले. तरीही ते आघाडीवर टिकले आणि २१ एप्रिलला बोलोन्यात शिरले. १९४६ च्या लंडनमधील विजय संचलनात मात्र अँडर्स यांचे सैनिक नव्हते.

श्रेयाचे वाटप कसे झाले?

‘आफ्रिका स्टार’ या पदकाच्या फितीवर ‘८’ हा आकडा लावण्याचा मान केवळ २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात आठव्या सेनेत असलेल्यांना मिळाला. परिणामी १९४१ मध्ये टोब्रुकचा वेढा उठवणारे, पण एल अलामेनपूर्वी जखमी किंवा कैद झालेले सैनिक त्यातून वगळले गेले. इटलीतील जर्मन फौजांची शरणागती २ मे १९४५ रोजी अमलात आली आणि त्याच वर्षी आठवी सेना विसर्जित झाली. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे आहेत. ‘ब्रिटिश’ विजयातील परक्यांचा वाटा किती, हे त्यावरूनच लक्षात यावे.