वेशीबाहेरच्यांचे काय?
नगरच्या ख्रिस्ती पाळकांमधल्या एका जुन्या वादाचा मागोवा

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास सांगताना शाळा, दवाखाने, दुष्काळातली मदत यांची आठवण हमखास निघते. ती निघायलाच हवी. पण या मंडळ्यांतले पाळक धर्मसिद्धान्तावरून एकमेकांशी आणि आपल्या वरिष्ठांशी काय भांडले, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. भांडण म्हणजे फूट, आणि फुटीबद्दल बोलू नये, असे आपल्याकडे धरून चालतात. माझे मत वेगळे आहे. १८३१ ते १९७० या काळातले नगरचे मोठे वाद ओळीने मांडले, तर त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: मंडळीच्या वेशीबाहेर जो राहिला, त्याच्याशी देवाचे नाते काय? इतका गंभीर प्रश्न ज्यांनी सोडला नाही, त्यांच्या वादाकडे आपण आदराने पाहिले पाहिजे.

अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे मांडले ते १८३१च्या अखेरीस. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेतले होते. या परंपरेत बिशप नसतो. प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपण पाहते, आपला पाळक आपण निवडते, आणि आसपासच्या मंडळ्यांचे पाळक व प्रतिनिधी एकत्र येऊन विचार करतात. नगरकडे या एकत्र बसण्याला ‘ऐक्य’ म्हणत. १८४२मध्ये नगरलाच ‘ज्ञानोदय’ निघू लागले, आणि चर्चेला छापील व्यासपीठ मिळाले.

पहिला प्रश्न जातीचा होता. १८३९मध्ये बाप्तिस्मा घेतलेले हरिपंत खिस्ती ब्राह्मण होते. पुढे गावोगावच्या मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला सगळ्यांना एकच. तिथे सोवळे पाळायची मुभा ठेवली असती, तर मंडळीच्या आतच आणखी एक वेस उभी राहिली असती. मिशनने ती मुभा दिली नाही. १८५४मध्ये हरिपंत आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांचे शिष्टमंडळ त्या सुमारास हिंदुस्थानात आले होते. मंडळी इथल्या माणसांनी चालवावी आणि शिक्षण देशी भाषेत द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. धर्माचा वाद मराठीत आणि मराठी पाळकांच्या तोंडून व्हायचा, तर ही पायरी आवश्यक होती.

सगळ्यात गाजलेला वाद मात्र रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्याभोवती झाला. ह्यूम मिशनरी घरातले, १८४७मध्ये मुंबईत जन्मलेले. येल आणि अँडोव्हर इथे शिकून ते १८७४मध्ये परत आले आणि १८७८मध्ये त्यांनी नगरला पाळक तयार करणारी सेमिनरी उभी केली. १८८६मध्ये ते रजेवर अमेरिकेत असताना मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर सेमिनरीत वादळ उठले होते. ज्यांनी या जन्मी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही, त्यांना मरणानंतर, अंतिम न्यायाच्या आधी, ख्रिस्ताला ओळखण्याची संधी मिळत असावी, अशी शक्यता तिथल्या काही प्राध्यापकांनी मांडली होती. जुन्या कॅल्व्हिनी शिकवणीनुसार माणसाचा निकाल याच आयुष्यात लागतो, आणि ख्रिस्ताविना मेलेला कायमचा हरवतो. अँडोव्हरच्या प्राध्यापकांचे उत्तर असे होते: ख्रिस्त सगळ्या मानवजातीसाठी मेला असेल, तर त्याला नाकारण्याआधी किंवा स्वीकारण्याआधी प्रत्येकाला तो एकदा तरी दिसला पाहिजे.

अमेरिकेत हा बराचसा पुस्तकी वाद होता. नगर जिल्ह्यात तो प्रत्येक घरातला होता. इथला जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती माणूस पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीतला. बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या मनात पहिली शंका येणार ती गेलेल्यांची: माझा बाप चांगला माणूस होता, त्याच्या कानावर हे नाव कधी पडलेच नाही, मग तो कुठे आहे? पाळक होऊ पाहणाऱ्या तरुणाने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? ‘तो नरकात आहे’ असे म्हणायचे, तर देवाच्या न्यायीपणावर बोलायला त्याच्यापाशी काय उरते? अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांपुढे बोलताना ह्यूम यांनी त्या मताची बाजू घेतली. हे मत बाळगणे धर्मबाह्य नाही, आणि हिंदुस्थानात काम करणाऱ्याला त्याचा आधार होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

परिणाम लगेच झाला. बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यांना परत पाठवण्याचा निर्णय अडवून धरला. सचिव एडमंड ऑल्डेन या मताचे कडवे विरोधक. १८८६च्या ऑक्टोबरमध्ये डे मॉइन इथे भरलेल्या बोर्डाच्या वार्षिक सभेत याच विषयावर खडाजंगी झाली आणि सभेने जुन्या मताचाच कौल दिला. विरोधकांच्या शंकेत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. मरणानंतरही संधी असेल, तर घरदार सोडून, पटकी आणि तापाने मरायची तयारी ठेवून नगरला यायचे कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. ज्यांच्या पैशावर आणि प्राणांवर मिशन उभे होते, त्यांना तो विचारण्याचा हक्क होता. ह्यूम यांचे उत्तर त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कामात आहे. खुलासे-प्रतिखुलासे होऊन १८८७मध्ये त्यांना परतायची परवानगी मिळाली, आणि निकड कमी होण्याऐवजी त्यांचे काम वाढतच गेले. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत त्यांनी केलेल्या मदतकार्यासाठी सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. बोर्डाचेही पाऊल पुढे पडले. अँडोव्हरच्या मताकडे झुकणाऱ्या उमेदवारांना नाकारण्याचे धोरण १८९३मध्ये वूस्टरच्या सभेत सैल झाले. त्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ह्यूम हिंदू आणि ख्रिस्ती विचारांच्या नात्यावर बोलले.

ह्यूम यांनी मेलेल्यांसाठी विचारलेला प्रश्न कवी नारायण वामन टिळकांनी जिवंतांसाठी विचारला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, मुंबईतला. पुढे ते नगरला आले, ह्यूम यांच्या सेमिनरीत शिकवू लागले, पाळक झाले. बाप्तिस्म्याची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली होती. नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९००मध्ये. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक सांगत. भजन-कीर्तनातून उपासना करण्याची जी रीत नगरच्या उपदेशकांनी आधीच सुरू केली होती, तिला त्यांच्या पदांनी पूर्ण मराठी रूप दिले.

१९१७मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र बसणार होते. ख्रिस्तावर प्रेम आहे, पण आपल्या लोकांतून तुटून परकी वाटणाऱ्या संस्थेत जायचे नाही, अशी माणसे टिळकांना भेटत होती. त्यांना बाहेर का ठेवायचे, हा टिळकांचा प्रश्न.

यालाही वजनदार आक्षेप होता. बाप्तिस्मा हा ख्रिस्ताने लावून दिलेला संस्कार आहे. त्याला वगळून शिष्यत्व कसले? आणि खेड्यातल्या ज्या महार-मांग कुटुंबांनी गावाचा रोष पत्करून उघडपणे बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या शेजारी गुपचूप शिष्य राहणाऱ्या वरच्या जातीतल्या माणसाला सारखाच मान द्यायचा काय? हा दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. देवाचा दरबार पुरता उभा राहण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी टिळक गेले, आणि उत्तर अर्धेच राहिले. पण प्रश्न मेला नाही. पन्नासएक वर्षांनी ख्रिस्ती विचारवंत एम. एम. थॉमस आणि दक्षिण भारतातले बिशप लेस्ली न्यूबिगिन यांच्यात जो प्रसिद्ध वाद झाला, तो याच वळणाचा होता: मंडळीत न येता माणूस ख्रिस्ताचा होऊ शकतो काय?

चौथा वाद ख्रिस्ती लोकांच्या आपसातल्या वेशींचा. १८७०च्या दशकात अँग्लिकन एस.पी.जी. मिशन नगर जिल्ह्यात आले. अमेरिकन मिशनने बांधलेल्या मंडळ्यांतली माणसे तिकडे जाऊ लागली, आणि कटुता आली. प्रश्न माणसांच्या ओढाताणीचा होता, तसाच सिद्धान्ताचाही होता: बिशपाच्या हस्तदीक्षेवाचून झालेला पाळक खरा पाळक काय? १९२४मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले. एके काळी ज्यांना परत येऊ द्यायचे की नाही यावर वर्षभर खल झाला होता, तेच ह्यूम त्याचे पहिले मॉडरेटर निवडले गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकनही त्यात आले. लहान बाळाचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्हींना मान्यता मिळाली. बिशपपद स्वीकारले गेले, आणि काँग्रिगेशनल परंपरेने आपले जुने स्वातंत्र्य त्यासाठी कमी करून घेतले. हा त्याग लहान नव्हता.

या साऱ्या काळात कोणाचे मत जिंकले, हे सांगणे सोपे नाही. ह्यूम यांचे मत कोणत्याही विश्वासपत्रात आले नाही. टिळकांचा दरबार टिकला नाही. पण ह्यूम यांना मंडळीने सर्वोच्च पदावर बसवले, आणि मिशन सोडून गेलेल्या टिळकांची गीते आजही रविवारच्या उपासनेत गायली जातात. माणसाचे मत अमान्य करूनही त्याला आपले म्हणता येते, हे नगरच्या मंडळ्यांनी कृतीतून दाखवले. आज आपल्याकडे मालमत्तेचे, निवडणुकांचे, पदांचे तंटे कोर्टात जातात आणि सिद्धान्ताबद्दल कोणी तोंड उघडत नाही. हे उलटे झाले पाहिजे. देवाच्या न्यायाबद्दल आणि बाहेर राहिलेल्या माणसाबद्दल पाळकांनी पुन्हा ऐक्यात बसून, मराठीत, मोकळेपणाने भांडावे. त्या भांडणाने मंडळी मोठी होते, हे या जिल्ह्याने एकदा अनुभवले आहे.