नकली फोनाचा धनी

दुकानांत पूर्ण किंमत मोजून आपण मोबाइल फोन घरीं आणतों, पावतीवर आपलें नांव असतें, आणि तरीहि त्या यंत्राचे पुरते धनी आपण नसतों. त्यांतील कित्येक फायली आपणांस उघडतां येत नाहींत. कारखान्यांतूनच बसून आलेलीं कांहीं अ‍ॅपें नकोशीं झालीं तरी समूळ काढतां येत नाहींत. ही अडवणूक कोण करतो, आणि त्याच्या कमरेच्या किल्ल्या आपल्या हातीं येऊं शकतात काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. नित्याच्या फोनावर असला प्रयोग करणें शहाणपणाचें नव्हे. त्यासाठीं संगणकाच्या पोटांत चालणारा एक नकली फोन मिळतो. त्याला एम्युलेटर म्हणतात.

या किल्ल्या बाळगणाऱ्याचें नांव 'रूट'. हें नांव युनिक्स या प्रणालींतून आलें आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं ती रचावयास घेतली. त्या काळीं एकाच यंत्रावर अनेक माणसें काम करीत. एकाचे कागद दुसऱ्यानें चाळूं नयेत म्हणून प्रत्येकास एक क्रमांक देण्यांत आला, आणि सर्व व्यवस्था पाहणाऱ्या कारभाऱ्यास शून्य हा क्रमांक मिळाला. शून्याची किंमत शून्य असें आपण व्यवहारांत म्हणतों. येथें मात्र सारी सत्ता शून्यापाशीं आहे. पुढें १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं युनिक्सच्या वळणावर लिनक्स रचलें, आणि आजच्या अँड्रॉइड फोनांचा गाभा तेंच लिनक्स आहे.

परंतु फोन हा बहुधा एकाच माणसाच्या हातांत असतो. मग इतके क्रमांक द्यावयाचे कोणाला? अँड्रॉइडच्या रचनाकारांनीं ते अ‍ॅपांना दिले, आणि ही त्यांची कल्पना मला फार मार्मिक वाटते. प्रत्येक अ‍ॅपास दहा हजारांपासून पुढचा एक क्रमांक मिळतो व स्वतःची एक बंद खोली मिळते. फोन म्हणजे एक चाळ आणि अ‍ॅपें म्हणजे तिच्यांतील बिऱ्हाडें, अशी कल्पना केली म्हणजे झालें. हवामान सांगणारें बिऱ्हाड बँकेच्या बिऱ्हाडांत डोकावूं शकत नाहीं, तें या भिंतींमुळें. आणि चाळीचे मालक म्हणवणारे आपण? आपणांस शून्य क्रमांक देतच नाहींत. कारण उघड आहे. आपल्या बोटानें जो दरवाजा उघडेल, तो आपल्या नांवानें आलेल्या ठकालाहि उघडेल.

आतां नकली फोनाकडे वळूं. अँड्रॉइड स्टुडिओ या साधनाबरोबर गूगल जो एम्युलेटर देतें, त्याचा पाया क्यूएमयू हा असून तो २००३ सालीं फाब्रीस बेलार या फ्रेंच गृहस्थांनीं प्रथम प्रसिद्ध केला. या फोनांतील कॅमेरा, विजेरी, दूरध्वनीची तार हें सारें सोंग. पण आंत चालणारें अँड्रॉइड मात्र अगदीं खरें. हें अँड्रॉइड तयार ठशांच्या रूपानें उतरवून घ्यावें लागतें, आणि नवशिक्यांची फसगत बहुधा येथेंच होते. एका जातीच्या ठशांत गूगल प्लेचें दुकान असतें. तें पाहून मनुष्य मोहानें तोच ठसा निवडतो. पण तो ठसा विकावयाच्या फोनाप्रमाणें मोहोरबंद केलेला असतो. नुसत्या गूगल एपीआयांचा, किंवा गूगलचें कांहींहि नसलेला मूळ अँड्रॉइडचा ठसा घेतला, तर तो परीक्षकांसाठीं सैल ठेवलेला असतो. कोणता ठसा घेतला, यावरच पुढचें सारें अवलंबून आहे.

संगणकावरून फोनाशीं बोलणारा एक मध्यस्थ असतो. त्याचें नांव एडीबी. त्याचा एक जोडीदार फोनाच्या आंत बसलेला असतो. हा जोडीदार जन्मतः शून्य क्रमांकाचा असतो, पण कामाला लागण्यापूर्वीं तो आपली सत्ता आपण होऊन खालीं ठेवतो. संगणकावर 'एडीबी रूट' अशी आज्ञा दिली म्हणजे, सत्ता खालीं ठेवूं नकोस, इतकाच तिचा अर्थ. सैल ठशांत तो ती मानतो. मोहोरबंद ठशांत, विक्रीच्या प्रतींत मला रूट होतां येत नाहीं, असें स्वच्छ उत्तर येतें. सत्ता मिळाली कीं नाहीं हें पडताळण्यास 'व्हू अ‍ॅम आय', म्हणजे 'मी कोण', अशी आज्ञा आहे. वेदान्त्यांना या प्रश्नापायीं जन्म पुरत नाहीं. येथें एका शब्दांत उत्तर येतें, रूट.

सत्ता खालीं ठेवण्याच्या याच क्षणावर २०१० सालीं एक युक्ति निघाली. एका क्रमांकाला किती कामें एकदम चालवतां येतील याला मर्यादा असते. युक्ति करणाऱ्यानें ती मर्यादा निरर्थक कामांनीं भरून टाकली व जोडीदाराला बंद पाडून पुन्हा जन्म घ्यावयास लावलें. सत्ता सोडून साध्या क्रमांकांत उतरूं पाहतां तेथें जागाच नव्हती, आणि उतरणें साधलें कीं नाहीं हें तपासावयास त्या वेळच्या अँड्रॉइडमध्यें कोणी विसरलें होतें. जोडीदार शून्यावरच राहिला. हौशी मंडळींनीं याचा उपयोग स्वतःच्या फोनावर ताबा मिळवण्यास केला; पण २०११ च्या मार्च महिन्यांत 'ड्रॉइडड्रीम' या नांवानें ओळखलेल्या लबाड अ‍ॅपांत हीच युक्ति दडवलेली आढळली. असलीं पन्नासांहून अधिक अ‍ॅपें गूगलच्या दुकानांतून काढावीं लागलीं, आणि लोकांच्या फोनांत शिरलेलीं दुरूनच पुसावीं लागलीं.

असो. नकली फोनावर सत्ता मिळाल्यावर करावयाचें काय? माझ्या मतें सर्वांत उपयुक्त काम म्हणजे बिऱ्हाडांच्या खोल्या पाहणें. महाविद्यालयांतील मुलानें स्वतः एकादें अ‍ॅप लिहिलें असेल, तर त्यानें आंत जाऊन पाहावें कीं, वापरणाऱ्याचा परवलीचा शब्द आपण उघडा लिहून ठेवला आहे कीं काय. भिंत आहे म्हणून आंत कांहींहि टाकावें, ही संवय या दर्शनानें सुटते. प्रणालीच्या मूळ फायली बदलावयाच्या असतील तर एम्युलेटर सुरू करतांनाच तशी मुभा मागावी लागते, एरवीं त्या नुसत्या वाचण्यापुरत्या असतात.

एक बारकावा येथें सांगितला पाहिजे. वरील रीतीनें सत्ता मिळते ती संगणकावर बसलेल्या माणसाला. फोनाच्या आंतील अ‍ॅपांना ती मागूनहि मिळत नाहीं. त्यांनाहि ती द्यावयाची तर जॉन वू यांनीं २०१६ सालीं काढलेलें मॅजिस्क वापरतात. प्रत्येक अ‍ॅपानें सत्ता मागतांच तें मालकाला विचारतें. खेळांसाठीं निघालेल्या कांहीं एम्युलेटरांत तर रूटची एक कळच दिलेली असते. मुलें ती सहज दाबतात, आणि मग भिंती नसलेल्या त्या चाळींत घरच्या मंडळींचें गूगल खातें उघडून ठेवतात. हें मात्र होऊं देऊं नये. त्या फोनांत प्रयोगापुरतें निराळें खातें असावें. बँकेचें काम तेथें करूंच नये. पुष्कळ बँकांचीं अ‍ॅपें रूट झालेल्या फोनावर चालण्यास स्वतःच नकार देतात.

नकली फोनांतील रूट हा संगणकाचा रूट नव्हे, हें खरें. तरी दोघांमध्यें एक खिडकी आहे. गूगलच्या एम्युलेटरांत १०.०.२.२ हा पत्ता खुद्द त्या संगणकाचा असतो, आणि संगणकावर केवळ स्वतःपुरत्या चालू ठेवलेल्या सेवा त्या पत्त्यानें आंतल्या अ‍ॅपांना दिसतात. अनोळखी ठिकाणाहून आणलेलें अ‍ॅप तपासावयाचें असेल तर त्या आधीं बंद कराव्या. तपासणी संपली कीं एम्युलेटरांतील सारी माहिती पुसण्याची आज्ञा द्यावी. पुन्हा सुरू होतांना तो फोन पहिल्या दिवसासारखा कोरा उठतो.