तसबीर किती जुनी? आठवणीतली आणि खरी

भिंगारच्या आसपास इतिहासाला तोटा नाही. १४९० साली निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद यानं बहामनी फौजेला इथेच धूळ चारली आणि त्या विजयानंतर शेजारी अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, वसलं. १७०७ मध्ये औरंगजेब इथल्याच मुक्कामात मेला. पुढे इंग्रजांचा कॅम्प आला. अशा गावात माळ्यावरून एखादी जुनी तसबीर खाली उतरली की तिच्याबरोबर एक गोष्टही उतरते: ‘निजामशाहीतली आहे’, ‘पेशव्यांच्या वेळची आहे’, नाहीतर ‘साहेबानं विलायतेहून आणलेली आहे’. गोष्ट खरी असू शकते. पण ती तपासायच्या ज्या खुणा लोक सांगतात, त्यांतल्या बऱ्याच कुचकामी असतात.

सर्वात पक्का समज असा की चित्रात ज्या काळातलं माणूस, त्याच काळातलं चित्र. याचं उत्तर शोधायला आपल्या निजामशाहीतल्या चांदबिबीपासून दूर जायला नको. हातावर ससाणा घेऊन घोड्यावरून निघालेली चांदबिबी पाठ्यपुस्तकांनी आणि कॅलेंडरांनी घरोघरी पोचवली. या विषयाचं एक गाजलेलं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याचा काळ सुमारे १७०० मानतात. चांदबिबी मारली गेली १६०० मध्ये. म्हणजे चित्रकारानं जिला रंगवलं तिला जाऊन शंभर वर्षं झाली होती. पुढे अठराव्या शतकात दख्खनमध्ये हा विषय पुन्हा पुन्हा रंगवला गेला. ही चित्रं कलेच्या दृष्टीनं मोलाची आहेत, पण चांदबिबीचा चेहरा कसा होता याचा पुरावा म्हणून ती चालणार नाहीत.

तिच्या आईची हकीकत नेमकी उलटी आहे, आणि काळ कसा ठरवतात हे समजून घ्यायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाची फारसी पोथी आहे. आफताबी या कवीनं हुसेन निजामशहाची थोरवी गाण्यासाठी ती रचली. तिच्यातली बारा चित्रं आज उरली आहेत आणि निजामशाही चित्रकलेचा तो सर्वात जुना नमुना मानला जातो. आता काळ बघा. काव्यात तालिकोटच्या लढाईचा विजय आहे, म्हणजे पोथी जानेवारी १५६५ च्या आधीची नाही. हुसेनशहा त्याच वर्षी वारला, म्हणजे जिवंत राजाचं हे गुणगान फार पुढे सरकवता येत नाही. चित्रांत राजाशेजारी बेगम खुंझा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, बसलेली होती. ‘होती’ म्हणायचं कारण, बहुतेक चित्रांतून तिची आकृती नंतर पुसली किंवा रंगानं झाकली गेली. मुलगा मुर्तझा लहान असताना कारभार तिच्या हाती होता. १५६९ च्या सुमारास त्यानं तिला सत्तेवरून काढून कैदेत टाकलं. जिची आकृती पुसावीशी वाटली ती आधी मानानं रंगवलेली असणारच. म्हणून चित्रं १५६५ ते १५६९ च्या दरम्यानची. चार वर्षांची ही चिंचोळी फट कुठल्या यंत्रानं नव्हे, काव्यातला मजकूर, राजाचा मृत्यू आणि एक खाडाखोड यांनी मिळून दिली.

चित्र जिथल्या माणसाचं तिथलंच असतं, हाही असाच एक समज. मलिक अंबर हा निजामशाहीचा सेनापती. पण त्याचं सर्वात चमत्कारिक चित्र मुघल दरबारात तयार झालं. जहांगीर बाण सोडतो आहे आणि समोर भाल्यावर मलिक अंबरचं तोडलेलं मुंडकं आहे. अबुल हसननं हे १६१६ च्या सुमारास रंगवलं आणि आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात मलिक अंबरचं मुंडकं जहांगीरला कधीच मिळालं नाही. तो १६२६ पर्यंत जगला आणि मुघलांना शेवटपर्यंत पुरून उरला. बादशहाला रणांगणात जे जमलं नाही ते चित्रकारानं कागदावर करून दिलं.

खाली नाव लिहिलंय म्हणजे तोच माणूस, असंही लोक धरून चालतात. ते नाव कुणी आणि केव्हा लिहिलं? खुद्द शिवरायांच्या बाबतीत महाराष्ट्र यात फसला. इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचं चित्र शिवरायांचं म्हणून कित्येक वर्षं छापलं जात होतं. १९३३ मध्ये इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र पुढे आणलं, तेव्हा तो घोळ मिटला. तिकडे ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात विट्सेन या डच संग्राहकाकडची हिंदुस्थानी राजेरजवाड्यांची चित्रं आहेत. ती १६८६ पूर्वीची मानली जातात आणि त्यांतही शिवराय आहेत. या चित्रांचं माध्यम लक्षात घ्या: कागद आणि डिंकात कालवलेले रंग. दख्खनच्या दरबारी चित्रकाराची ती नेहमीची रीत होती. तेव्हा कॅनव्हासवरचं ‘शिवकालीन तैलचित्र’ कुणी विकायला आणलं, तर आधी शंका घ्यावी.

पेशवाईच्या अखेरीला मात्र तैलचित्रं आली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यात त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना समोर बसवून रंगवलं. तो १७९५ मध्ये वारला. पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांशी १७९० चा तह होतानाचं जे भव्य चित्र प्रसिद्ध आहे, ते वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएलनं इंग्लंडमध्ये पुरं केलं आणि १८०५ मध्ये प्रदर्शनात मांडलं. प्रसंग पुण्याचा, चित्र विलायतेचं, मध्ये पंधरा वर्षं.

घरोघरच्या तसबिरींचा इतिहास बहुधा याहून साधा असतो. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्यानं १८७८ पासून देवदेवतांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत शिळाछाप चित्रं काढली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफना, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापांना, वॉर्निश असे आणि काहींवर हौशी घरांनी जर-टिकल्याही चिकटवल्या. त्यामुळे ‘आमच्याकडे रविवर्म्याचं मूळ चित्र आहे’ हे वाक्य फार घरांत ऐकू येतं. साधं भिंग घ्या. छपाईत रंगाचे बारीक ठिपके दिसतात, हातानं रंगवलेल्यात कुंचल्याचे फटकारे दिसतात. पणजोबांचं ‘तैलचित्र’ही पुष्कळदा फोटोचं मोठं केलेलं ब्रोमाइड असतं आणि वरून पगडी, उपरणं, डोळे तेवढे रंगवलेले असतात. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते १८५७ च्या आधीचं म्हणू नये.

रंगाला पडलेल्या भेगांवर लोकांचा भारी विश्वास. भेगा वयानं पडतात, तशा नुकत्याच रंगवलेल्या चित्राला उन्हापावसानं आणि नीट न वाळलेल्या रंगाच्या थरांनीही पडतात. हान व्हान मेगेरेन या डच भामट्यानं १९३० च्या दशकात नवी चित्रं भट्टीत भाजून तीनशे वर्षांच्या भेगा पाडल्या आणि मोठमोठे जाणकार फसले. ‘कार्बन डेटिंग करून घ्या’ हा सल्लाही असाच ऐकीव. त्यातून कापडाचा किंवा लाकडाचा काळ कळतो, रंगवण्याचा नव्हे. शिवाय साधारण १६५० ते १९५० या काळात या पद्धतीचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की पेशवाई आणि टिळकयुग वेगळं काढणं कठीण जातं.

रंग स्वतः जास्त प्रामाणिक असतात. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकातला. टायटॅनियमचा पांढरा पहिल्या महायुद्धानंतर सर्रास मिळू लागला. मूळ थरातच तो सापडला तर चित्र पेशवाईतलं असूच शकत नाही. ‘मूळ थरात’ हे महत्त्वाचं, कारण नंतरच्या डागडुजीतही तो येतो. अतिनील दिव्याखाली जुनं वॉर्निश हिरवट पिवळं चमकतं आणि नंतरचे हात काळपट दिसतात. त्यामुळे मूळ काम आणि डागडुजी वेगळी काढता येते.

आणि मागची बाजू! कापडाचा पोत, खिळे, सुताराचे सांधे, दुकानाचे शिक्के सगळे तिथे असतात. रंगसाहित्य विकणारी लंडनची विन्सर अँड न्यूटन ही पेढी १८३२ ची, म्हणून तिचा शिक्का असलेला कॅनव्हास त्याआधीचा नाही. पण हा माल हिंदुस्थानातही येत असे, म्हणून कॅम्पातल्या जुन्या बंगल्यातून आलेल्या चित्रामागे लंडनचा शिक्का निघाला तरी ते लंडनला रंगवलं असं ठरत नाही. कागदावरच्या चित्रात उजेडासमोर जलचिन्ह दिसतं का पाहावं. चौकटीवरून मात्र काळ ठरवू नये. ती दर पिढीला बदलते.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तू ठरतं आणि त्याची नोंदणी लागते. ते परदेशी नेता येत नाही. रविवर्म्याची चित्रं १९७९ पासून राष्ट्रीय कलाठेवा आहेत. तसबीर खरोखर जुनी वाटत असेल तर बटाट्यानं, तेलानं, ओल्या फडक्यानं ती पुसू नका. फ्रेमवाला मागचा जुना कागद फाडून फेकण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवतं ते तारखेनिशी लिहून ठेवा.